एकवीस इंजिनांचा हिशेब

२६ मे २०२५ रोजी दाहोदच्या कारखान्यातून नऊ हजार अश्वशक्तीचं पहिलं विजेचं इंजिन पंतप्रधानांच्या हस्ते बाहेर पडलं. कारखाना रेल्वेचा, इंजिन सीमेन्सचं. जानेवारी २०२३ मधल्या करारानुसार कंपनी अकरा वर्षांत अशी १,२०० इंजिनं देणार आहे आणि पस्तीस वर्षं त्यांची देखभालही तीच पाहणार आहे. त्याआधी बिहारमध्ये मधेपुऱ्याला बारा हजार अश्वशक्तीच्या ८०० इंजिनांचा कारखाना उभा राहिला. तिथे ७४ टक्के मालकी अल्स्टॉमची आणि २६ टक्के रेल्वेची आहे.

या इंजिनांबद्दल माझी तक्रार नाही. अवजड मालगाडी ती ज्या सहजपणे ओढतात ते पाहून आनंदच होतो. मालवाहतूक रस्त्यावरून रुळांवर आणायची असेल तर अशी इंजिनं हवीतच. तक्रार आहे ती त्यांच्याभोवती चाललेल्या बोलण्याबद्दल. भारतात जुळलेलं इंजिन आणि भारताला बनवता येणारं इंजिन या दोन वेगळ्या गोष्टी सर्रास एकाच दावणीला बांधल्या जातात. उद्घाटनाच्या बातमीत किती टक्के भाग देशी आहेत हे येतं. ते भाग तसेच का आहेत हे आपल्यापैकी किती जणांना सांगता येईल, हे येत नाही. आणि माझ्या मते विचारण्यासारखा प्रश्न तोच आहे.

या फरकाचा खरा अर्थ कळायला मुंबई-पुणे मार्गावरच्या एका जुन्या घराण्याकडे जावं लागतं. त्याचं नाव डब्ल्यूसीएम. डब्ल्यू म्हणजे ब्रॉडगेज, सी म्हणजे डीसी, एकाच दिशेने वाहणारी वीज, आणि एम म्हणजे प्रवासी गाडीलाही चालणारं आणि मालगाडीलाही चालणारं इंजिन.

मुंबईत विजेची पहिली गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदरहून कुर्ल्याला गेली, १,५०० व्होल्ट डीसीवर. पाचेक वर्षांत ती वीज भोर घाट चढून पुण्याला आणि थळ घाट चढून इगतपुरीला पोचली. त्या पहिल्या पिढीतली मालगाडीची इंजिनं मोठी देखणी होती. मधे ड्रायव्हरची केबिन, पुढे-मागे लांब नाकं, आणि चाकांना फिरवणारे बाहेरून दिसणारे दांडे. रेल्वेतली माणसं त्यांना खेकडा म्हणायची. खेकड्यांनी दुसरं महायुद्ध पाहिलं, फाळणी पाहिली, पण पन्नासच्या दशकात मुंबईची वाहतूक त्यांच्या आवाक्याबाहेर गेली. मग १९५४-५५ मध्ये डब्ल्यूसीएम-१ ची सात इंजिनं आली. इंग्लिश इलेक्ट्रिक कंपनीची ही इंजिनं लँकशायरमधल्या व्हल्कन फाउंड्रीत बांधलेली होती. खालचे दांडे गेले. दोन बोगी, म्हणजे इंजिनाखालचे चाकांचे सांगाडे, प्रत्येकीत तीन आस, आणि प्रत्येक आसाला स्वतःची मोटर, अशी आजही मोठ्या इंजिनांत दिसणारी मांडणी भारतातल्या विजेच्या इंजिनांत तिथून सुरू झाली.

त्यापाठोपाठ डब्ल्यूसीएम-२ ची बारा इंजिनं आली, तीही इंग्लंडची. ती मुळात मुंबईसाठी नव्हतीच. हावड्याकडे तेव्हा ३,००० व्होल्ट डीसीचा प्रयोग चालला होता. त्यासाठी घेतलेली ही इंजिनं तो प्रयोग गुंडाळल्यावर बदल करून मध्य रेल्वेकडे आणली गेली. १९६० च्या सुमाराला जपानहून हिताचीची सात इंजिनं आली, ती डब्ल्यूसीएम-४. आणि १४ ऑक्टोबर १९६१ रोजी पश्चिम बंगालमधल्या चित्तरंजन कारखान्यातून पंडित नेहरूंच्या हस्ते एक इंजिन बाहेर पडलं, देशात बांधलेलं पहिलं विजेचं इंजिन. त्याचं नाव ठेवलं होतं लोकमान्य. वर्ग डब्ल्यूसीएम-५. १९६३ पर्यंत अशी एकूण एकवीस इंजिनं झाली.

म्हणजे एकाच तारेखाली, एकाच घाटात, एकाच पावसात ब्रिटनची, जपानची आणि आपली इंजिनं वर्षानुवर्षं शेजारी शेजारी धावली. असा प्रयोग कोणी मुद्दाम मांडला नव्हता. पण विकत घ्यायचं की बनवायचं या प्रश्नावर इतका सरळ पुरावा आपल्याकडे दुसरा क्वचितच असेल.

आता यातली अडचणीची गोष्ट सांगतो, कारण माझा मुद्दा तिच्यावरच उभा आहे. लोकमान्य कारखान्याबाहेर पडलं तेव्हा त्याची वीज कालबाह्य ठरलेली होती. १९५७ मध्येच रेल्वेने फ्रेंच रेल्वेच्या सल्ल्याने ठरवलं होतं की यापुढे देशात विद्युतीकरण करायचं ते २५,००० व्होल्ट एसीवर, म्हणजे सतत दिशा बदलणाऱ्या विजेवर. निर्णय बिनतोड होता. अडीच हजार किलोवॅट ताकद लागणाऱ्या इंजिनाला १,५०० व्होल्टच्या तारेतून साधारण १,७०० अँपिअर खेचावे लागतात. २५,००० व्होल्टला तीच ताकद शंभर अँपिअरच्या आसपास मिळते. करंट जितका मोठा तितकी तार जाड, तारेतली गळती जास्त आणि सबस्टेशनं जवळजवळ. डीसीला दर काही किलोमीटरवर सबस्टेशन लागतं, एसीला चाळीस-पन्नास किलोमीटरवर एक पुरतं. गरीब देशाला हजारो किलोमीटर तार टाकायची होती. दुसरा पर्यायच नव्हता. १९५९-६० मध्ये युरोपातल्या कंपन्यांच्या गटाकडून डब्ल्यूएएम-१ ही एसी इंजिनं येऊही लागली होती, चांगली शंभर.

अशा वेळी कोणताही हिशेबनीस काय म्हणाला असता? मुंबईचा डीसी टापू आता वाढणार नाही. लागणार ती वीस-पंचवीस इंजिनं. तेवढ्यासाठी नवी यंत्रं, नवे साचे, नवे कारागीर कशाला? हिताचीला आणखी एक पत्र पाठवा, वर्षभरात इंजिनं मुंबई बंदरात उतरतील. कागदावर या म्हणण्याला उत्तर नाही. एकवीस इंजिनांवर कारखान्याचा खर्च वाटला तर प्रत्येक इंजिन महागच पडणार, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

तरीही ती एकवीस इंजिनं बांधली गेली. माझ्या मते स्वतंत्र भारतातल्या रेल्वेच्या शहाण्या निर्णयांत त्याची गणना व्हायला हवी.

याचं कारण समजायला घाटात जावं लागेल. कर्जत ते लोणावळा जेमतेम अठ्ठावीस किलोमीटर. चढ ३७ ला १, म्हणजे दर सदतीस मीटरला गाडी एक मीटर वर. ऐकायला फार वाटत नाही, पण रुळांवर पोलादी चाकांनी चालणाऱ्या गाडीसाठी हा चढ जगातल्या मुख्य मार्गांवरच्या अवघड चढांपैकी आहे. म्हणून कर्जतला गाडीच्या मागे बँकर इंजिनं लागतात आणि ढकलत वर नेतात. पळसदरी मागे पडली की जामब्रुंग, ठाकूरवाडी, नागनाथ, मंकी हिल, आणि मधे बोगद्यांमागून बोगदे. जूनपासून पाणी कड्यांवरून थेट रुळांवर येतं. ओल्या रुळावर चाक फिरतं, गाडी हलत नाही. चढावर इंजिनाचं वजन मागच्या चाकांकडे झुकतं, पुढचं चाक हलकं होतं आणि तेच आधी घसरतं. मग रुळावर वाळू सोडायची, हँडल एक पायरी मागे घ्यायचं, पकड आली की पुन्हा पुढे.

डीसी इंजिनात ही पायरी म्हणजे काय, हे जवळून पाहण्यासारखं आहे. तारेतून १,५०० व्होल्ट येतात ते सुरुवातीला मोटरींना थेट देता येत नाहीत; उभी मोटर एवढा करंट ओढेल की जळून जाईल. म्हणून आधी सगळ्या मोटरी एकामागे एक जोडायच्या आणि मधे रेझिस्टन्स घालायचे. ड्रायव्हर हँडल एकेक खाच पुढे सरकवतो तसे रेझिस्टन्स एकेक करून बाहेर पडतात. मग मोटरींचे गट करून ते समांतर जोडायचे आणि पुन्हा तेच. रेझिस्टन्स मधे असताना वीज उष्णता होऊन वाया जाते आणि ते तापतात, त्यामुळे तिथे रेंगाळायची सोय नाही. पण चढावर जड गाडी असेल आणि घाईने खाचा पुढे नेल्या तर चाक घसरतं. रेंगाळायचंही नाही आणि घाईही करायची नाही, अशा बारीकशा फटीत डोळा अँमीटरवर ठेवून कल्याणच्या, पुण्याच्या ड्रायव्हरांनी दशकानुदशकं गाड्या वर नेल्या. या माणसांच्या कौशल्यावर आपल्याकडे हवं तितकं लिहिलं गेलेलं नाही.

दुसरी जवळून पाहण्याची गोष्ट मोटरीच्या पोटात आहे. तिच्या फिरत्या भागाला कम्यूटेटर असतो. तांब्याच्या शेकडो पट्ट्या गोलाकार बसवलेल्या, दोन पट्ट्यांमधे अभ्रकाचा पातळ थर, आणि वरून घासत जाणारे कार्बनचे ब्रश. तांबं झिजतं, अभ्रक तितकं झिजत नाही. अभ्रकाची कड तांब्याच्या वर आली की ब्रश उडतो आणि ठिणग्या पडू लागतात. दुर्लक्ष झालं तर एका ब्रशपासून दुसऱ्यापर्यंत विजेची ज्वाळा धावते आणि मोटर गेलीच. म्हणून कम्यूटेटर लेथवर लावून गोल करून घ्यायचा आणि मग प्रत्येक फटीतलं अभ्रक कापून तांब्याच्या किंचित खाली न्यायचं. शेडमधल्या माणसाला हे काम येत होतं. खेकड्यांच्या काळापासून येत होतं.

पण दुरुस्ती करणाऱ्याला काय बिघडतं ते कळतं. ते तसंच का बनवलं हे बनवणाऱ्यालाच कळतं. अभ्रकाचा थर अमुक जाडीचाच का? वेटोळ्यांवरचं इन्सुलेशन इतक्याच तापमानाला का बेतलं? बोगीच्या सांगाड्यात इथे जादा पोलाद का आणि तिथे भोक का? आराखड्यावर माप असतं, कारण नसतं. कारण कळतं ते पहिला ओतीव भाग भेगाळला की, पहिली मोटर चाचणीत तापली की, दोन भाग एकमेकांत बसेनात की. चुकण्याची मुभा असलेल्या कारखान्यातच ही विद्या मिळते. ती कोणत्याही करारात लिहून घेता येत नाही, कारण विकणाऱ्याकडेही ती कागदावर नसते. ती त्याच्या माणसांच्या हातात आणि त्यांच्या जुन्या फसलेल्या प्रयत्नांत असते.

चित्तरंजनमध्ये १९५० पासून वाफेची इंजिनं बनत होती. पहिल्याचं नाव देशबंधू. तिथल्या माणसांना बॉयलर, सिलिंडर, पिस्टन यांची भाषा येत होती. वाफेच्या इंजिनात चूक झाली तर ती बहुधा दिसते, ऐकू येते. विजेच्या इंजिनात ती इन्सुलेशनच्या आत दडून बसते आणि सहा महिन्यांनी घाटात उघड होते. एका कारखान्याला एक भाषा सोडून दुसरी शिकायची होती. त्यासाठी लागणारी शाळा म्हणजे ती एकवीस इंजिनं. आणि शाळेसाठी डीसी इंजिन सोयीचंच होतं. त्यात ट्रान्सफॉर्मर नाही, एसीची डीसी करणारा रेक्टिफायर नाही; त्या काळच्या एसी इंजिनांत पाऱ्याचे इग्निट्रॉन रेक्टिफायर असत आणि ते फार नाजूक प्रकरण होतं. मोटर, बोगी, गिअर, कंट्रोल एवढं आधी पक्कं करा, मग पुढचं. १६ नोव्हेंबर १९६३ रोजी चित्तरंजनने पहिलं एसी इंजिन बाहेर काढलं, त्याचं नाव बिधान. लोकमान्य आणि बिधान यांच्यात अंतर फक्त दोन वर्षांचं आहे.

टिळकांच्या चतुःसूत्रीत स्वदेशी आणि राष्ट्रीय शिक्षण ही दोन्ही सूत्रं आहेत. आपण स्वदेशी उचलतो, शिक्षण विसरतो. देशी मालाचा आग्रह आणि ती विद्या आपल्या माणसांना देण्याचा आग्रह एकत्र धरला तरच त्याला काही अर्थ आहे. त्या इंजिनाला लोकमान्यांचं नाव देणाऱ्यांच्या मनात हे होतं की नाही, याच्याशी मला कर्तव्य नाही. घडलं मात्र तसंच.

कोणी म्हणेल, त्या पहिल्या इंजिनात तरी सगळे भाग कुठे आपले होते? प्रश्न रास्त आहे. कोणत्याच देशाच्या पहिल्या इंजिनात नसतात. मला महत्त्वाचं वाटतं ते हे की पुढच्या इंजिनात ते वाढत गेले का, आणि वाढवायचं कोणी ठरवलं. याचं उत्तर पुढच्या चाळीस वर्षांत आहे.

सत्तरच्या दशकात चित्तरंजनने घाटातल्या मालगाड्यांसाठी डब्ल्यूसीजी-२ बांधली, तीही त्याच मरायला टेकलेल्या म्हणवल्या गेलेल्या डीसी तारेसाठी. नंतर त्यांनी बँकर म्हणून घाटात जे राबवून घेतलं त्याला तोड नाही. त्याच काळात एसीसाठी डब्ल्यूएएम-४ आलं आणि देशभर पसरलं. मुंबईकडच्या मार्गांवर एसी आणि डीसी जिथे भेटत तिथे इंजिन बदलावं लागे. इगतपुरीला गाडी त्यासाठी थांबायची. यावर उत्तर म्हणून चित्तरंजननेच दोन्ही विजांवर चालणारं डब्ल्यूसीएएम-१ बनवलं आणि १९७५ पासून ते धावू लागलं. आपली अडचण, आपला तोडगा. डीसी आणि एसी दोन्हींची विद्या घरात होती म्हणून ते जमलं.

आणि मग १९९३. इथे मला माझ्याच बाजूच्या लोकांना एक कडू गोष्ट सांगायची आहे. सत्तरपासून नव्वदपर्यंत आपण फार काळ एकाच जागी बसलो. जर्मनीत १९७९ मध्ये थ्री-फेज मोटरचं १२० वर्गाचं इंजिन रुळावर आलं. त्या मोटरीला ना कम्यूटेटर, ना ब्रश. आपण मात्र त्याच डीसी मोटरी आणि व्होल्टेज पायरीपायरीने बदलणारे तेच टॅप-चेंजर घेऊन नव्या नव्या क्रमांकाची इंजिनं काढत राहिलो. डब्ल्यूएएम-४ मधली मोटर मुळात फ्रान्सच्या अल्स्टॉमच्या आराखड्याची होती, आणि ती आपण किती वर्षं वापरली! आपलं ते चांगलं, चाललंय ते चालू द्या, ही स्वदेशीची दुसरी बाजू आहे आणि तिने नुकसान केलं आहे. बंद बाजारात बसलेला सरकारी कारखाना आपोआप शिकत राहत नाही. १९९३ मध्ये एबीबी या युरोपीय कंपनीकडून थ्री-फेज इंजिनं तंत्रज्ञानासह विकत घेण्याचा करार झाला तो याचमुळे, आणि तो करायलाच हवा होता.

पण त्या खरेदीचं पुढे काय झालं? १९९८ मध्ये चित्तरंजनने स्वतः बांधलेलं डब्ल्यूएजी-९ बाहेर काढलं, नाव नवयुग. ते मालगाडीचं इंजिन होतं. मग २००० मध्ये आपल्याच लोकांनी त्याच इंजिनाचं गिअर-प्रमाण बदलून आणि काही फेरफार करून त्यापासून प्रवासी गाडीचं इंजिन केलं, डब्ल्यूएपी-७. पहिल्याचं नाव नवकिरण. चोवीस डब्यांची गाडी दमदारपणे ओढणारं हे इंजिन आज देशाच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांचा कणा आहे. ते एबीबीने दिलेलं नाही. एबीबीने दोन प्रकारची इंजिनं दिली, तिसरा प्रकार आपण केला. घेतलेली वस्तू उघडून, समजून, बदलून तिसरी वस्तू करण्याची ही धमक ज्यांच्याकडे होती त्या कारखान्याची शाळा एकवीस डीसी इंजिनांवर झाली होती. विकत घेणं आणि बनवणं यांत वैर नाही. बनवणाऱ्यालाच नीट विकत घेता येतं. काय मागायचं, कोणता कागद अडवून धरायचा, कुठे समोरचा टाळाटाळ करतोय, हे त्यालाच कळतं.

२०१८ मध्ये चेन्नईच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीने ट्रेन-१८ काढली, पुढे तिला वंदे भारत म्हणू लागले. मोटरींना वीज पुरवणारी यंत्रणा हैदराबादच्या मेधा कंपनीची होती. परदेशातून तयार गाड्या आणण्याची चर्चा तेव्हा कितीतरी वर्षं चालली होती. तिथेही कामाला आली ती सरावाची माणसं.

म्हणून मधेपुरा आणि दाहोदबद्दल माझं म्हणणं असं की या करारांकडे फक्त इंजिनांच्या संख्येने पाहू नये. आठशे अधिक बाराशे म्हणजे दोन हजार इंजिनं. एकवीस इंजिनांतून एवढी विद्या काढणाऱ्या रेल्वेने दोन हजार इंजिनांतून किती काढायला हवी? आणि प्रत्यक्षात काय होण्याची भीती आहे? देखभाल कंपनीची, नियंत्रणाचं सॉफ्टवेअर कंपनीचं, बिघाडाची नोंद कंपनीच्या संगणकात. आपला माणूस ड्रायव्हरच्या आसनावर, आणि फार तर शेडच्या फाटकावर.

पूर्वी शेडमधल्या फिटरला बिघाड हाताला लागायचा. कम्यूटेटर काळा पडला तर काळा दिसायचा. आजच्या इंजिनात चाक घसरलं तर हँडल मागे घ्यायचं काम माणूस करत नाही. संगणक प्रत्येक आसाचा वेग मोजून क्षणार्धात जोर कमी-जास्त करतो. सुंदरच आहे ते. पण भोर घाटातल्या ओल्या रुळावर जोर किती कमी करायचा हे ज्या ओळींत लिहिलं आहे त्या ओळी वाचायचा हक्क इंजिनाच्या मालकाला नसेल, तर खेकड्यांच्या काळातला कल्याणचा फिटर आजच्या इंजिनिअरपेक्षा आपल्या इंजिनाचा जास्त मालक होता, असं म्हणावं लागेल. पस्तीस वर्षं देखभाल दुसऱ्याने केली तर आपल्याकडची एक अख्खी पिढी त्या इंजिनाचं पोट न उघडता निवृत्त होईल. करार संपल्यावर ती इंजिनं आपल्या हातात येतील तेव्हा ती उघडणार कोण?

कंपनीचा यात दोष नाही. कंपनी विकायला आली आहे आणि तिने चोख माल द्यावा एवढीच तिच्याकडून अपेक्षा. शिकायचं की नाही हे गिऱ्हाइकाने ठरवायचं असतं. देखभालीच्या प्रत्येक पाळीत रेल्वेचे इंजिनिअर आणि कारागीर हात काळे करायला असले पाहिजेत, पाहुणे म्हणून नव्हे. बिघाडाच्या सगळ्या नोंदी रेल्वेच्या मालकीच्या हव्यात आणि त्या देशातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांना अभ्यासाला मिळायला हव्यात. नियंत्रणाच्या सॉफ्टवेअरमध्ये आपल्या गरजेप्रमाणे बदल करण्याची मुभा हवी. आज नाही मिळाली तर पुढच्या करारात ती किंमतीच्या आधी मागायला हवी. या सगळ्याने इंजिन थोडं महाग पडेल. पडू दे.

आणि सर्वांत महत्त्वाचं, दर काही वर्षांनी चित्तरंजनला एक लहान, अवघड, न परवडणारं काम मिळालं पाहिजे. संपूर्ण आराखडा स्वतःचा, संख्या वीस-पंचवीस, आणि चुकण्याची मुभा. आज चित्तरंजन वर्षाला शेकडो इंजिनं काढतं. २०१८-१९ मध्ये तिथून चारशेहून जास्त बाहेर पडली. ही कामगिरी मोठीच आहे. पण ठरलेल्या नमुन्याची संख्या वाढवत नेणं आणि नवा नमुना घडवणं या दोन कामांना वेगवेगळी माणसं आणि वेगवेगळा धीर लागतो. संख्येच्या शर्यतीत पहिला बळी दुसऱ्या कामाचा जातो, कारण नव्या नमुन्यावर गेलेलं वर्ष आकडेवारीत रिकामं दिसतं.

यावर हमखास येणारा आक्षेप असा की लोकांच्या पैशातून शिकवण्या चालवू नयेत. प्रवाशाला गाडी वेळेवर हवी, इंजिन कोणाचं याच्याशी त्याला काय. आक्षेप प्रामाणिक आहे. पण मुंबईच्या प्रवाशाकडे पाहा. डीसी तार जायला १९५७ च्या निर्णयानंतर जवळजवळ साठ वर्षं लागली. पश्चिम रेल्वेवर ती २०१२ मध्ये गेली, मध्य रेल्वेच्या हार्बर मार्गावरून एप्रिल २०१६ मध्ये. रोज लाखो माणसं वाहणारं जाळं एका रात्रीत बंद करून बदलता येत नव्हतं, म्हणून ही संथ बदली बरोबरच होती. या सगळ्या काळात मुंबई-पुणे आणि मुंबई-इगतपुरी मार्ग चालू राहिले ते कालबाह्य ठरलेल्या विजेवरची इंजिनं आपण स्वतः बांधू शकत होतो आणि दुरुस्त करू शकत होतो म्हणून. एकोणीसशे सत्तरमध्ये १,५०० व्होल्ट डीसीचं घाटातलं ब्रॉडगेज इंजिन मागायला आपण परदेशी बाजारात उभे राहिलो असतो तर मोजक्या इंजिनांसाठी कोणी काय भाव सांगितला असता? डेक्कन क्वीनच्या प्रवाशाला इंजिन कोणाचं याच्याशी देणंघेणं नव्हतं, हे खरं; पण कोणीतरी ती काळजी घेतली होती म्हणूनच तो वेळेवर पोचत होता.

हाच प्रश्न उद्या पुन्हा येईल, फक्त वेगळ्या रूपात. आजचे सेमीकंडक्टर, आजची संगणकातली सर्किट-कार्डं पंधरा-वीस वर्षांनी कोणी बनवणार नाही. इंजिनाचा सांगाडा मात्र पस्तीस-चाळीस वर्षं चालतो. म्हणजे या दोन हजारांतल्या प्रत्येक इंजिनाचा मेंदू त्याच्या हयातीत निदान एकदा बदलावा लागेल. तो नवा मेंदू कोणी लिहायचा, हे ठरवायला २०४० उजाडण्याची वाट पाहण्यात अर्थ नाही. मधेपुऱ्याची आठशे इंजिनं या दशकाच्या अखेरीला पूर्ण होणं अपेक्षित आहे. पुढच्या मागणीचा मसुदा तेव्हा कोणाच्या तरी टेबलावर असेल. त्यात चित्तरंजनसाठी वीस इंजिनांची एक ओळ असावी, एवढी मागणी रेल्वे मंत्रालयाकडे, संसदेच्या रेल्वेविषयक समितीकडे आणि आपापल्या खासदाराकडे आत्ताच करायला हवी.